रंगवलेली डायल, खरं मशीन: जुनं मनगटी घड्याळ कसं पारखावं

नाशिकच्या एका वाचकाने दोन घड्याळांचे फोटो पाठवून दोन प्रश्न विचारले आहेत. पहिलं घड्याळ त्यांनी नुकतंच ऑनलाइन घेतलेलं एचएमटी पायलट. काळी कुळकुळीत डायल, हिरवे उजळणारे अंक, आणि विकणाऱ्याचा शब्द: १९७५ च्या सुमाराचं, शंभर टक्के ओरिजिनल. दुसरं घड्याळ त्यांच्या आजोबांचं, फेवर-ल्यूबा या स्विस कंपनीचं सी किंग. त्याच्या डायलवर तपकिरी डाग पडलेत आणि एका दुकानदाराने 'डायल नवी करून देतो' असं सांगितलंय. पायलट खरं आहे का, आणि सी किंगची डायल नवी करावी का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं आहे.

आधी निकाल सांगतो. पायलटचं मशीन खरं आहे, डायल मात्र अलीकडे रंगवलेली आहे. आणि आजोबांच्या घड्याळाच्या डायलला कृपा करून कुणालाही हात लावू देऊ नका. तुमच्या दोन घड्याळांपैकी जास्त अस्सल घड्याळ ते डागाळलेलंच आहे.

आता हे कशावरून म्हणतो ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी फोटो कुणाला पाठवावे लागणार नाहीत. तीस-बत्तीस वर्षं मी डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळवाल्याचं भिंग, लावून घड्याळं उघडतोय, आणि या काळात माझं एक मत पक्कं झालं आहे. एकेक भाग सुटा बघून अस्सलपणा कळत नाही. डायल, काटे, केस (म्हणजे बाहेरचं धातूचं कवच) आणि मशीन या चौघांनी एकच आयुष्य एकत्र काढलेलं असतं. एकाच घामात, एकाच पावसाळ्यात, एकाच मनगटावर. मग चौघांच्या अंगावर वय सारखंच दिसायला हवं. जिथे एकाचं वय दुसऱ्याशी जुळत नाही, तिथे मी थांबतो आणि पुन्हा बघतो.

तुमच्या पायलटची केस बघा. पट्ट्याच्या कानांवरचा क्रोम उडून खालचं पितळ दिसतंय. चावीचे दाते झिजून गुळगुळीत झालेत. म्हणजे हे घड्याळ कुणीतरी वर्षानुवर्षं रोज वापरलंय. आणि त्याच घड्याळाची डायल काल छापल्यासारखी? काचेच्या आत असली म्हणून डायलला वय चुकत नाही. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत चावीच्या नळीतून ओल आत जातेच, आणि जुन्या प्लॅस्टिकच्या काचेच्या कडेनेही जाते. केस झिजलेली आणि डायल कोरी, ही जोडी दिसली की निम्मा निकाल तिथेच लागतो.

उरलेला निम्मा आयग्लासखाली. कारखान्यातली डायल म्हणजे पितळेची पातळ चकती. तिच्यावर मुलामा किंवा रंग, वर लाखेचा थर, आणि त्यावर अक्षरं. ही अक्षरं कोरलेल्या प्लेटवरची शाई मऊ गोळ्याने उचलून डायलवर ठेवून छापलेली असतात. दहापट मोठं करून पाहिलं तर शाई किंचित उठावाची दिसते, कडा धारदार दिसतात, आणि एकच अक्षर दोनदा आलं तर दोन्ही वेळा तंतोतंत सारखं असतं. 'ज्वेल्स' (मशीनमधल्या चाकांच्या टोकांना आधार देणारे बारीक खडे) या इंग्रजी शब्दात 'ई' हे अक्षर दोनदा येतं. तुमच्या डायलवरचे ते दोन 'ई' एकमेकांशी जुळत नाहीत. एकाची मधली रेघ वर सरकली आहे, दुसऱ्याची खाली. हाताने आखलेल्या प्लेटची ही खूण आहे. कारखान्याच्या नकाशाखोलीत असली चूक सुटत नसे.

मिनिटांच्या रेघांचंही तसंच. साठ रेघांचं वर्तुळ डायलच्या मध्याशी एककेंद्री असायला हवं. तुमच्या फोटोत बाराच्या बाजूला रेघा पूर्ण दिसतात आणि सहाच्या बाजूला त्यांची टोकं केसच्या कडेखाली गेली आहेत. शिवाय पाचच्या आणि सातच्या अंकासमोरची रेघ अंकाच्या नेमकी समोर नाही. डायल रंगवणाऱ्याकडे चकती नेमकी धरून ठेवायचा साचा नसला की असं होतं. काही जण पकड मिळावी म्हणून डायलच्या कडेला कानशीने लहानशी खाच पाडतात. मशीन बाहेर काढून डायलची कड पाहिली आणि अशी खाच सापडली, तर ती डायल एकदा तरी रंगाऱ्याकडे जाऊन आली आहे असं समजा.

मधल्या भोकाकडेही बघा, जिथून काटे वर येतात. कारखान्यात रंग आणि भोक यांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे कड स्वच्छ असते. पुन्हा रंगवलेल्या डायलमध्ये फवाऱ्याचा रंग भोकाच्या आत ओघळतो आणि कड गोलसर, फुगीर दिसते. तारखेच्या खिडकीच्या कडेलाही तेच. आणि वर बसवलेले धातूचे आकडे असतील तर त्यांच्या पायथ्याशी रंग साचलेला दिसतो, जसा भिंत रंगवताना खिळा न काढता ब्रश फिरवला तर खिळ्याभोवती साचतो.

तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत दिवा मालवल्यावर अंक दोन मिनिटं हिरवे उजळत राहतात. तुम्हाला तो चांगुलपणा वाटला, मला तो सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला सरसकट 'रेडियम' म्हणतात, पण घड्याळांच्या बाबतीत या शब्दामागे तीन वेगळे पदार्थ आहेत आणि तिघांचा काळ वेगळा आहे. पहिलं खरोखरचं रेडियम, साधारण १९६० च्या दशकापर्यंत. मग ट्रिटियम, १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. स्विस डायलच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' दिसतो तो याचाच. आणि तिसरा जपानमधून आलेला ल्युमिनोव्हा जातीचा रंग, १९९३ पासूनचा. यात किरणोत्सर्ग नाही. तो दिव्याचा प्रकाश साठवतो आणि सावकाश सोडतो.

ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मंच उरतं. १९७५ चं ट्रिटियम आज आपल्या जोरावर जवळजवळ काहीच उजळणार नाही. रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं, म्हणजे रेडियम अजून तितकंच जिवंत आहे; पण त्याच्या माऱ्याने सोबतचा, प्रत्यक्ष उजेड देणारा झिंक सल्फाइड कधीच निकामी झालेला असतो, म्हणून तेही अंधारात दिसत नाही. अशा जुन्या रंगावर अतिनील टॉर्च मारली तर तो थोडा चमकतो आणि टॉर्च बंद करताच, फार तर क्षणभरात, विझतो. मिनिटभर टिकणारा हिरवा उजेड म्हणजे नवा रंग. १९७५ च्या घड्याळावर १९९३ नंतरचा रंग कसा आला, याचं उत्तर विकणाऱ्याने द्यायला हवं.

याच विषयातली एक खूण मला फार आवडते. रेडियमचे काटे असलेलं घड्याळ वर्षानुवर्षं एकाच वेळेला बंद पडून राहिलं असेल, तर काट्यांच्या खालची डायल भाजल्यासारखी तपकिरी होते. काटे फिरवून बाजूला केले की खाली त्यांची सावली दिसते. अशी सावली दिसली की काटे आणि डायल जुने सोबती आहेत हे कळतं. ती नकली करणं अशक्य नाही, पण इतके कष्ट कुणी साध्या घड्याळासाठी घेत नाही. मात्र रेडियमची डायल स्वतः कधीही खरवडू नका, ब्रशने झाडू नका, फुंकर मारू नका. ती भुकटी श्वासातून आत जाणं घातक आहे. अशा डायलवर मी हातमोजे घालूनच काम करतो, आणि मशीन उघडं असताना टेबलाजवळ चहा ठेवत नाही.

आता मशीनकडे. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला, आणि ज्या ०२३१ या मशीनवर 'जनता' आणि 'पायलट' ही दोन मॉडेलं चालली त्याचा वंश सिटिझनचाच. सतरा ज्वेल्स, हाताने चावी, तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. तुमच्या फोटोत मशीनवरचा आकडा, एचएमटीची खूण, ब्रिजचा (चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीचा) आकार, सगळं बरोबर आहे. ब्रिजवरचे स्क्रू फारसे खरचटलेले नाहीत, सगळ्या भागांचा मुलामा एकाच छटेचा आहे. मशीनबद्दल मला शंका नाही.

पण इथेच बहुतेक जण फसतात. 'मशीन खरं आहे ना, मग घड्याळ खरं' असं वाटतं. जनतामध्ये आणि पायलटमध्ये मशीन एकच. म्हणजे तुमचं मशीन खरं असल्याने हे घड्याळ जन्मतः पायलट होतं हे सिद्ध होत नाही. ते कुणाच्या तरी वडिलांचं पांढऱ्या डायलचं जनताही असू शकतं, ज्याची डायल काळी करून वर 'पायलट' छापलं. दोन्ही मॉडेलांना एकच मशीन असणं ही कारखान्याच्या दृष्टीने सोय होती. तीच सोय नंतर रंगाऱ्यांच्याही कामाला आली. नारिंगी, पोपटी, पिवळ्याजर्द डायलचं पायलट किंवा डायलवर विमानदलाचं चिन्ह छापलेलं 'मिलिटरी' एचएमटी समोर आलं, तर मी ते रंगवलेलंच धरून चालतो आणि विकणाऱ्याने उलट सिद्ध करावं अशी अपेक्षा ठेवतो.

एचएमटी घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली. त्यानंतर या घड्याळांना एकाएकी भाव आला. त्याआधी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ही घड्याळं ढिगाने पडलेली मी पाहिली आहेत, पट्ट्याविना, काच तडकलेली. त्या ढिगातली मशीनं पुढे नव्या डायली घालून बाहेर आली. यातली काही कामं तर आणखी अवघड असतात: डायल कारखान्याचीच, न वापरलेली, मशीन कारखान्याचं, केसही खरी. फक्त हे तिघे कारखान्यात कधी भेटलेले नसतात. असं घड्याळ मी खोटं म्हणणार नाही, जुळवलेलं म्हणेन. विकणाऱ्याने ते तसं सांगून विकलं तर माझी काहीच तक्रार नाही.

परदेशातले संग्राहक भारतातून आलेल्या, भडक रंगवलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला वाईट वाटतं. याच मुंबईत फेवर-ल्यूबाचा माणूस १८६५ मध्ये धंद्यासाठी येऊन पोहोचला होता. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून घड्याळं विकत होती. त्यांच्या कित्येक घड्याळांवर 'बॉम्बे - कलकत्ता' अशी अक्षरं सापडतात. त्यांचं प्रसिद्ध मॉडेल 'सोवार प्रिमा', आणि त्यातला सोवार म्हणजे आपला स्वार, घोडदळातला. घड्याळ पारखून घेणारं गिऱ्हाईक या शहरात कित्येक पिढ्या होतं.

आणि डायल रंगवणं हा मुळात लबाडीचा धंदा नव्हताच. आयातीवर बंधनं होती, स्विस डायल सुटी मिळत नसे, आणि लग्नात मिळालेलं घड्याळ माणूस जन्मभर वापरत असे. दोन-चार पावसाळ्यांत डायल काळवंडली की ती रंगाऱ्याकडे जायची आणि गिऱ्हाईक आनंदाने नव्या कपड्यांसारखं ते घड्याळ पुन्हा मिरवायचं. त्यात फसवणूक कुणाचीच नव्हती. फसवणूक सुरू झाली ती जुन्या डायलला पैसे मिळायला लागल्यावर, जेव्हा तीच दुरुस्ती 'ओरिजिनल' म्हणून विकली जाऊ लागली.

या बाबतीतली माझी एक चूक इथे सांगायलाच हवी. धंद्यात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. सातारा जिल्ह्यातले एक गृहस्थ वडिलांचं सोवार प्रिमा घेऊन आले. वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. डायल पिवळसर पडलेली, आकड्यांची टोकं उडालेली, तीनच्या बाजूला ओलीचा डाग. 'चांगलं करून द्या' म्हणाले. मी ती डायल एका रंगाऱ्याकडे दिली. आठवड्याने पांढरीशुभ्र होऊन आली, आकडे जाडे, कंपनीचं नाव किंचित वाकडं. गृहस्थ घड्याळ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'हे बाबांचं नाही वाटत.' मी तेव्हा वाद घातला नाही, पण मशीन तेच आहे, केस तीच आहे, असं मनात म्हणत राहिलो. त्यांना जे दिसलं ते मला कळायला आणखी काही वर्षं गेली. ती जुनी डायल परत आणता येत नाही, कारण रंगवण्याआधी ती घासून नागवी करावी लागते. तेव्हापासून डायल रंगवायला मी कुणाला देत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

म्हणून आता तुमच्या आजोबांच्या सी किंगबद्दल. डाग कुठे आहे बघा: तीनच्या आकड्याजवळ गडद, तिथून आत पंख्यासारखा पसरलेला, आणि नऊच्या बाजूला डायल जवळजवळ स्वच्छ. चावी तीनच्या बाजूलाच असते. पाणी ज्या वाटेने आत शिरलं त्याच वाटेवर डाग आहे. खऱ्या म्हातारपणाला असं कारण असतं आणि ते दिसतं. नकली म्हातारपणाला नसतं. चहाच्या पाण्याने किंवा भट्टीत भाजून जुनी केलेली डायल सगळीकडे सारखी तपकिरी होते, नाहीतर डाग अशा ठिकाणी असतात जिथे ओल पोहोचायचं कारणच नाही. तास आणि मिनिट काट्यांवरही तुमच्या फोटोत तसाच गंजाचा शिडकावा आहे. म्हणजे डायल आणि हे दोन काटे एकाच पावसात भिजले आहेत.

सेकंदकाटा मात्र बदललेला आहे. तो लखलखीत आहे आणि आखूड आहे. टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचत नाही. कुठल्याही जुन्या घड्याळात ही साधी पाहणी आधी करावी: मिनिट काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत जायला हवा, तास काटा आकड्यांच्या आतल्या टोकापर्यंत. त्यापेक्षा बरंच कमी किंवा जास्त असेल तर काटे दुसऱ्या घड्याळाचे. तुमच्या बाबतीत सेकंदकाटा कधीतरी सर्व्हिसमध्ये तुटला असेल आणि दुसरा घातला असेल. हा दोष नाही. योग्य लांबीचा काटा सापडला तर बदला, न सापडला तर राहू द्या.

मशीनवर फेवर-ल्यूबाचं नाव ब्रिजवर कोरलेलं आहे, आणि ते कोरलेलंच आहे, घासून नंतर ठोकलेलं नाही. हा फरक आयग्लासखाली कळतो: कारखान्याचं कोरीव काम मुलाम्याच्या आधी झालेलं असतं, म्हणून अक्षरांच्या खोबणीतही मुलामा असतो, नंतर ठोकलेल्या अक्षरांच्या आत उघडं पितळ चमकतं. केसच्या आतल्या कडेला, जिथे मशीन धरणारे स्क्रू दाबतात, तिथे एकाच जोडीच्या खुणा आहेत. मशीन बदललेल्या घड्याळात इथे जुन्या स्क्रूंच्या वेगळ्या जागच्या खुणा राहतात, किंवा मशीन सैल बसतं म्हणून भोवती पितळेची, क्वचित पुठ्ठ्याचीही, कडी घातलेली असते. चावीची दांडी नळीच्या बरोबर मधोमध आत गेली आहे, हेही बघितलं. दुसऱ्या जाडीचं मशीन बसवलं की दांडी वर किंवा खाली घासते आणि चावी फिरवताना खरखर लागते. आणि डायलच्या मागे दोन पाय असतात, जे मशीनच्या ठरलेल्या भोकांत बसतात. पाय कापून डायल चिकटपट्टीने मशीनवर डकवलेली असेल तर ती डायल दुसऱ्या मशीनसाठी जन्मलेली. माझ्या टेबलावर फेवर-ल्यूबाच्या आणि इतर स्विस नावांच्या डायलखाली एचएमटीचं मशीन कितीतरी वेळा निघालंय. सुटे भाग स्वस्तात मिळतात म्हणून जुन्या दुरुस्तीवाल्यांनी ते केलेलं असतं, आणि तेव्हा गिऱ्हाइकाला चालणारं घड्याळ हवं होतं, एवढंच.

डायलवर लिहिलेलं आणि मशीनमध्ये असलेलं पडताळून बघायची सवय ठेवा. डायलवर 'ट्विन पॉवर' असेल तर फेवर-ल्यूबाच्या १९६२ च्या त्या एफएल २५१ मशीनमध्ये स्प्रिंगचे बॅरल, म्हणजे स्प्रिंग ठेवायचे डबे, दोन असतात, एक नव्हे. डायलवर 'इनकाब्लॉक' लिहिलं असेल तर बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) मधल्या ज्वेलवर वीणेसारखी वळलेली बारीक स्प्रिंग दिसायला हवी. ही पद्धत १९३० च्या दशकातली, त्यामुळे त्याआधीचं म्हणून सांगितलेल्या घड्याळात ती दिसली तर बॅलन्स तरी बदललाय किंवा सांगितलेलं साल तरी चुकलंय. डायलवर एकवीस ज्वेल्स आणि मशीनवर सतरा, असं तर मी महिन्यातून एकदा बघतो. सेको घ्याल तर मागच्या झाकणावरचा क्रमांक वाचा: पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, दुसरा महिन्याचा, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी अनुक्रमे शून्य, 'एन' आणि 'डी'. त्याच झाकणावर मशीनचा चार आकडी क्रमांक असतो. डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत असाच एक क्रमांक असतो. रंगवलेल्या सेकोमध्ये बहुधा तो गायब असतो, नाहीतर भलत्याच मशीनचा असतो. रोटरवरच्या, म्हणजे ऑटोमॅटिक घड्याळात हाताच्या हालचालीने फिरणाऱ्या वजनावरच्या, आकड्यावर मात्र एकट्यावर विसंबू नका. एक स्क्रू काढला की रोटर बदलतो.

हे सगळं वाचून वाटेल की इतकं पाहिल्यावर चूक होणार नाही. तसं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाला फिलिप्स या लिलावघराच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर, डायल सुंदर तपकिरी पडलेलं, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी होती, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. कागदपत्रं होती, तज्ज्ञ होते, तरी हे झालं. म्हणून कागद बघा, पण कागदावर थांबू नका. कागद मशीनच्या क्रमांकाबद्दल बोलतो, त्या मशीनवर आज कुठली डायल बसली आहे हे तो सांगू शकत नाही.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून चार फोटो मागा: डायल समोरून काचेवर चमक न येऊ देता, डायल तिरप्या उजेडात, म्हणजे रंगाचे फुगे आणि ब्रशच्या रेघा दिसतात, मशीन, आणि मागच्या झाकणाची आतली बाजू. शेवटचा फोटो मागितल्यावर जो विकणारा 'झाकण उघडत नाही' म्हणतो, त्याच्याकडून मी घेत नाही. दुकानात समोरासमोर असाल तर झाकण उघडून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

तुमच्या पायलटचं काय करायचं? विकणाऱ्याला लिहा की डायल पुन्हा रंगवलेली आहे आणि कुठल्या खुणांवरून ते कळलं. पैसे परत मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर वाईट वाटून घेऊ नका. ०२३१ साधं आणि टणक मशीन आहे, सर्व्हिस करून रोज वापरा, ते वर्षानुवर्षं चालेल. पण पुढे कुणाला दिलंत किंवा विकलंत तर डायलबद्दल सांगून विका.

आणि सी किंग कुठल्याही जाणत्या घड्याळवाल्याकडे न्या. फक्त सर्व्हिस, नवी मेनस्प्रिंग लागली तर ती, आणि चावीचं वॉशर सांगा, कारण ते खराब असल्यानेच पाणी आत गेलं आहे. काच मोडली नसेल तर काचेला पॉलिश पुरे. केस पॉलिश करू नका म्हणून स्पष्ट सांगा, डायलला कापडही लावू नका म्हणून दोनदा सांगा, आणि बदललेला प्रत्येक भाग कागदात गुंडाळून परत मागा.

तुमच्या झाकणाच्या आतल्या बाजूच्या फोटोत सुईने ओढलेल्या दोन बारीक नोंदी मला दिसल्या: एक '१२/७१' अशी वाटते, दुसरी '४/७९'. प्रत्येक घड्याळवाला सर्व्हिस केली की अशी खूण करत असे. आजोबा त्या काळात कुठे राहत होते ते घरात मोठ्यांना विचारा, आणि आजीकडे किंवा आत्याकडे जुनी पत्रं, बिलं असतील तर ट्रंकेत बघा. डिसेंबर १९७१ मध्ये हे घड्याळ कुठल्या गावात उघडलं गेलं, ते कदाचित तिथे सापडेल.